विमानाचं तोंड घेऊन नागपूरला

“कोणीही हलू नका! ज्याचा हात जिथं आहे, तिथंच राहू द्या!”

ढोबळे मॅडम ओरडत होत्या. नागपूरच्या त्या शेडमध्ये दोन विमानं शेजारी शेजारी उभी राहतील एवढी जागा, पण मॅडमचा आवाज पत्र्याला आपटून परत आला तेव्हा वरची कबुतरंसुद्धा जागच्या जागी थिजली. खाली पाच-सहा माणसं पुतळे झाली. एकाचा हात साखळीवर होता, एकाचा क्रेनच्या बटणावर, एकाचा नाकाकडे निघालेला हात वाटेतच थांबला. आणि माझा हात, आता काय सांगू, खोक्यावर होता.

मॅडमनी ताडपत्री वर सारली आणि खोक्याच्या डाव्या अंगाला चिकटवलेल्या, काडेपेटीएवढ्या पट्टीवर बोट ठेवलं. अशा चार पट्ट्या खोक्याच्या चार बाजूंना असतात. प्रत्येकीच्या मधोमध काचेची एक नळी, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. माल नीट आला तर नळी पांढरी राहते. कुठं दणका बसला की लाल होते, आणि एकदा लाल झाली की कोणी कितीही हातापाया पडलं तरी पुन्हा पांढरी होत नाही. ही नळी लाल होती. डाळिंबाच्या दाण्यासारखी लालबुंद.

“हे कुठं झालं?” मॅडमनी विचारलं. आवाज आता खाली आला होता, आणि तो खालचा आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता.

कुठं झालं ते मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर तीन दिवस मागं जायला हवं.

भोसरी

मी विमानाच्या धंद्यात आहे म्हटलं की लोकांना वाटतं, मी विमान उडवतो. त्यांचा हा गैरसमज मी सहसा दूर करत नाही. खरं म्हणजे मी मालवाहतुकीचा इंजिनिअर. विमानाचा तुकडा इथून उचलायचा आणि तिथं जसाच्या तसा ठेवायचा, एवढंच माझं काम. खोक्याला कुठली फळी, आत फोम किती जाड, कुठल्या रस्त्यानं जायचं, वाटेतला पूल किती उंच, वळण किती अरुंद, हे सगळं आधी कागदावर मांडायचं. बायको म्हणते, म्हणजे पॅकर्स अँड मूव्हर्स. मी म्हणतो, हो, पण विमानाचे.

या वेळचा तुकडा म्हणजे इंजिनाच्या तोंडावरचं कडं. विमानाच्या पंखाखाली इंजिन लटकतं ना, त्याच्या पुढच्या कडेला जे गोल चकचकीत ओठ दिसतात, ते. आमच्या भोसरीच्या कारखान्यात ते दुरुस्त होऊन तयार होतं, आणि नागपूरच्या शेडमध्ये त्याचं विमान तोंड नसल्यासारखं उभं होतं. कडं पुरुषभर उंच. सांगलीला फोन करून आईला मी सांगितलं की त्यातून हत्ती अंबारीसकट जातो. आई “हो का” म्हणाली. ती मला चाळीस वर्षं ओळखते.

गाडी देवाजी मेश्रामांची. देवाजी मूळचे कामठीचे, पन्नाशी उलटलेले, सडपातळ, मिशी चोख कातरलेली. नाजूक मालाची गाडी चालवायला वेगळं कार्ड लागतं. ते ज्यांच्याकडे आहे अशा चालकांची यादी असते, आणि त्या यादीत देवाजींचं नाव वरून दुसरं. चाकांना हवेची गादी असलेली लांब गाडी ते अशी चालवत की डॅशबोर्डवर ठेवलेला चहाचा ग्लास घाटातसुद्धा हलत नसे. माझं हे वाक्य मात्र शंभर टक्के खरं आहे. बाकीची पारखून घ्या.

खोकं चढवताना आत एक छोटी डबी बसवतात. तिचं बटण दाबून धरायचं, हिरवा दिवा लुकलुकला की ती वाटेतला एक एक हादरा वेळेसकट टिपत जाते. बटण दाबायचं काम माझं. त्याच वेळी मी क्रेनवाल्यांना सांगत होतो की एकदा चालू इंजिनानं माझी टोपी ओढून घेतली आणि मागच्या बाजूनं ती धुऊन-वाळवून बाहेर आली. गोष्ट रंगात आली की मला समोर जे असेल त्याच्यावर हात आपटायची खोड आहे. आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय त्यापायी बदलावा लागला. तर त्या दिवशी मी हात आपटला क्रेनच्या खांबावर, लोक हसले, खोक्याचं झाकण बसलं. डबीचं बटण दाबायचं राहिलं. कागदावर त्यापुढं खूण मात्र मी केली, कारण पेन हातात होतं.

कारंज्याकडे

पहिल्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही. ताशी चाळीसच्या वेगानं माणूस जग पाहतो म्हणतात. मी फक्त आमच्या पुढं जाणाऱ्यांची पाठ पाहिली. एक बैलगाडीसुद्धा पुढं गेली असं मी सांगत असतो. ती बैलगाडी टेम्पोवर चढवलेली होती, हे मी सांगत नाही.

देवाजी बोलत कमी. दर अर्ध्या मिनिटाला त्यांची नजर डाव्या आरशात, मग उजव्या आरशात, मग रस्त्यावर. आरसे एवढे मोठे की त्यांच्यात अख्खं खोकं शेपटापर्यंत दिसायचं. मी विचारलं, एवढं काय बघता? ते म्हणाले, “माल मागं हाय ना साहेब. समोर त सारेच पायते.”

संभाजीनगरच्या पुढं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी नव्या मोठ्या रस्त्याला लागलो. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना काळी जमीन, मधेच तुरीची शेतं पिवळी झालेली. आमच्या कृष्णाकाठी ऊस डोळ्यांसमोर भिंतीसारखा उभा राहतो. इथं नजर जाते ती जातेच, अडवायला कोणी नाही. वाटेत मी देवाजींना माझ्या आयुष्यातल्या सगळ्या गोष्टी सांगून संपवल्या आणि न घडलेल्या सुरू केल्या. ते “हो जी”, “अस्सं” म्हणत राहिले. असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता.

कारंज्याला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. आतल्या छोट्या रस्त्यावर समोर एक नीलगाय आली. इकडं तिला रोही म्हणतात. हा नर होता, काळसर, घोड्याएवढा. (मोजून घोड्याएवढा.) तो आमच्यापासून बराच लांब होता. देवाजींनी पाय हळूच उचलला, गाडी आपोआप मंदावली, थांबली. रोही रस्त्याच्या मधोमध उभा राहून आमच्याकडे बघत राहिला, कंटाळला, निघून गेला. देवाजींनी गाडी पुन्हा चालू केली. बस, एवढंच झालं.

पण एवढंच कसं सांगायचं? आमच्या कामाचा मोबाईलवर ग्रुप होता, त्यात भोसरीचे आमचे साहेब होते, नागपूरच्या शेडमधल्या ढोबळे मॅडम होत्या. रोजची खबर तिथं द्यायची. मी बोलून निरोप पाठवला. त्यात रोही वाघासारखा झेपावला, देवाजींनी असा ब्रेक मारला की माझा चष्मा समोरच्या काचेला जाऊन चिकटला, गाडी साप वळावा तशी वळली, आणि रोही, खोकं आणि मी तिघंही वाचलो ते केवळ या माणसाच्या हुशारीमुळं. देवाजींची मान उंचावावी म्हणून बोललो, हे अगदी खरं. साहेबांनी टाळ्यांची तीन चित्रं पाठवली. मॅडमनी काहीच पाठवलं नाही.

देवाजी शेजारीच बसून ऐकत होते. म्हणाले, “लय लांब होता जी तो.”

मी म्हटलं, देवाजी, गोष्टीत जरा जवळ आणावा लागतो.

कारंज्याचा ढाबा

तिसऱ्या दिवशी सकाळी ढाब्यावर पोहे खाल्ले. इकडं पोह्यांवर तर्री ओततात, म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर पडते, आणि तिखटाच्या बाबतीत आम्ही सांगली-कोल्हापूरचे लोक कोणाचं ऐकून घेत नाही. मी म्हटलं, आणखी घाला. ढाबेवाल्यानं घातली. दुसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली आणि समोरच्याचा चष्मा धुरकटला. पाणी पीत पीत मी हसतमुखानं बाहेर आलो, तर गाडीभोवती सात-आठ जण जमलेले. याच्यात काय हाय जी, असं विचारत होते. देवाजी केबिनमध्ये चढून काच पुसत होते.

देवाजींचा एक नियम होता. वाटेत ताडपत्री कोणी सोडायची नाही, अगदी इंजिनिअरनंसुद्धा नाही. पहिल्या दिवशीच त्यांनी तो मला सांगितला होता. पण समोर सात-आठ माणसं उभी, आणि ताडपत्रीच्या आत विमानाचं तोंड. मी डाव्या बाजूची दोरी सोडली, खोक्यावरचं विमानाचं चित्र आणि ती पांढरी पट्टी दाखवली, आणि सुरू झालो. हे तोंड चालू असलं की समोरचा उभा बैल ओढून घेतंय. एकदा एक बैल असा ओढला गेला, शेतकरी शेपटीला लटकला, आणि मी, हा मी, धावत जाऊन बटण...

“...बंद केलं!” म्हणत मी हात आपटला. पट्टीच्या शेजारीच, सगळ्या ताकदीनिशी.

टिक.

एवढासाच आवाज झाला. शेंगेचं टरफल फुटावं तसा. मी पाहिलं. नळी लाल झाली होती.

ताडपत्री मी खाली सोडली. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मंग? बैल वाचला का?” आणि मी, पुढं सगळ्यात जास्त लाज मला याचीच वाटली, गोष्ट पुरी केली. बैल वाचवला. शेतकऱ्याकडून नारळ घेतला. लोक हसत गेले. मी दोरी बांधली, देवाजी बांधतात तशीच गाठ मारायचा प्रयत्न केला, आणि गाडीत येऊन बसलो. देवाजींनी चहाचा ग्लास डॅशबोर्डवर ठेवला, आरशात बघितलं आणि गाडी सोडली.

वर्ध्यापर्यंत मी एक शब्द बोललो नाही. सेलूजवळ देवाजींनी विचारलं, “तबेत ठीक हाय ना, साहेब?” मी म्हटलं, तर्री.

नागपूर

तर आम्ही पुन्हा शेडमध्ये. दुपारचे बारा. मॅडम विचारताहेत, हे कुठं झालं.

ढोबळे मॅडम तपासनीस. धरमपेठेत राहतात, खांद्यापर्यंत केस, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. त्यांनी आधी आतली डबी मागवली. डबी कोरी निघाली. मॅडमनी माझ्या कागदावरची खूण बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि कागद फायलीत ठेवला. त्यानंतर त्यांनी मोबाईल काढला आणि माझाच निरोप मोठ्यानं लावला. एवढ्या मोठ्या शेडमध्ये माझा आवाज घुमला. रोही झेपावला. चष्मा काचेला चिकटला. गाडी सापासारखी वळली. कोणी हसलं नाही. माझी गोष्ट ऐकून कोणी हसलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

“असंच झालं का?” मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, साधारण. बोलण्यात थोडं इकडंतिकडं होतं.

“मग डावीकडचीच कशी लाल झाली? ब्रेकनं समोरची व्हायला पाहिजे होती. ती तर पांढरी आहे.”

इथं एक दार उघडं होतं. मॅडमनी स्वतःच्या हातानं ते उघडून धरलं होतं. मी फक्त त्यातून चालत बाहेर यायचं होतं. पण माझं तोंड आहे ना, ते त्या इंजिनाच्या तोंडापेक्षा वाईट, समोर जे येईल ते ओढून घेतं. मी म्हणालो, “देवाजींनी गाडी झटकन उजवीकडे वळवली ना, म्हणून.”

देवाजी माझ्यामागं उभे होते. मी वळून पाहिलं नाही.

“मेश्रामजी?” मॅडम म्हणाल्या.

देवाजी म्हणाले, “साहेब सांगून राहिले ना जी.”

मग मॅडमनी कडं खोक्यातून बाहेर काढवलं आणि तपासायला बसल्या. असला भाग आतून फुटला आहे का हे डोळ्यांना दिसत नाही, ऐकावं लागतं. मॅडमनी चष्मा काढला, डोळे मिटले, आणि एक छोटी हातोडी घेऊन बोटाबोटाच्या अंतरावर टकटक करत निघाल्या. टण, टण, टण. आत काही सुटलं असेल तर टणऐवजी थप असं बोलतं. शेडमधले पंखे बंद केले, लोक पंजांवर चालायला लागले, बाहेर एक विमान उतरलं तेव्हा मॅडम हातोडी हवेत धरून ते थांबेपर्यंत थांबल्या. दोन तास चाललं हे. मी देव मानत नाही, पण त्या दोन तासांत मी तेहतीस कोटींपैकी निम्म्यांना तरी नावानं हाक मारली.

कुठंही थप झालं नाही. भाग निर्दोष होता.

“माल ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण लाल ते लाल. मेश्रामजी, कार्ड द्या. कागद पुरे होईपर्यंत यादीतून नाव बाजूला राहील.”

देवाजींनी खिशातून कार्ड काढलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं, कोपरे जपलेले. पाकिटासकट त्यांनी ते टेबलावर ठेवलं, पाकीट सरळ केलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “चला साहेब. घरी सयपाक झाला असन.”

कामठी

जेवणाचं आमंत्रण त्यांनी पहिल्याच दिवशी दिलं होतं. आता ते मोडेल असं मला वाटत होतं, खरं सांगायचं तर मोडावं असं वाटत होतं. शेडवरून आम्ही शहरात आलो आणि तिथून कामठीच्या शेअर ऑटोत बसलो. ऑटोत अकरा माणसं होती. (सात.) कामठीत गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी विणकरांच्या मागांची खटाखट, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. मला ते बरं वाटलं. त्या आवाजात गप्प बसणारा माणूस उठून दिसत नाही.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. देवाजींच्या पत्नी, सुमनवहिनी, यांनी वडा-भात केला होता. डाळींचे खरपूस वडे गरम भातात कुस्करायचे आणि वरून लसूण-मिरची तडतडलेलं तेल ओतायचं. बरोबर ताकाची कढी. आमच्याकडे पाहुण्याला आधी भाकरी वाढतात आणि भात शेवटी येतो. इथं भातच राजा, आणि त्याच्यावर तेलाचा अभिषेक. पहिला घास घेतला आणि ती चव... नाही, इथं मी थांबतो. चांगला होता. फार चांगला होता, आणि मी ताटातला वडा नुसता कुस्करत बसलो.

“घ्या ना जी,” वहिनी म्हणाल्या. “लाजून काहून राहिले?”

देवाजींनी शेडमधलं घरात काहीच सांगितलं नव्हतं. वहिनींचं आपलं चालू होतं. पुढच्या खेपेला अख्खं इंजिन हैदराबादला न्यायचं होतं, आणि ते देवाजींच्या नावावर ठरलं होतं. अख्खं इंजिन यांच्या हाती पहिल्यांदाच. वहिनींनी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मग त्यांनी आतून एक वही आणली.

“हे पाहा यायचं येड,” देवाजींकडे हात करत त्या म्हणाल्या.

शाळेत चित्रं चिकटवायला असते तसली जाड वही. तिच्यात पट्ट्या होत्या. खोक्यांवरच्या, काडेपेटीएवढ्या, काचेच्या नळीच्या. माल पोहोचला की शेडवाले त्या फेकून देतात. देवाजी त्या मागून आणत आणि चिकटवून ठेवत, प्रत्येक पानावर चार, खाली गावाचं नाव. बंगलोर. हैदराबाद. नाशिक. कोची. पान उलटावं तर पांढऱ्या, पान उलटावं तर पांढऱ्या. शेवटच्या पानावर ‘भोसरी’ एवढंच लिहून ठेवलं होतं, निघायच्या आधीच. वर चार पट्ट्यांची जागा कोरी.

“आज आनल्या नाई का?” वहिनींनी विचारलं.

देवाजी भात कालवत म्हणाले, “अजून कागद व्हायचे हायत.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. हे त घरी काही सांगत नाहीत, तुमी सांगा, रस्त्यात काय काय झालं. मला गोष्ट सांगा म्हणून आजवर कोणी दुसऱ्यांदा विनंती केलेली नाही. पहिल्या विनंतीलाच मी अर्ध्यावर पोहोचलेलो असतो. माझा हात उचललाही गेला, सवयीनं, आपटायला. समोर त्यांचं ताट होतं, पाण्याचा तांब्या होता, ती वही होती. तो हात मी परत मांडीवर ठेवला. म्हटलं, काही नाही झालं, वहिनी. फार सांभाळून आणली गाडी त्यांनी.

हे त्या प्रवासातलं माझं पहिलं खरं वाक्य, आणि तेही मी चुकीच्या माणसाला सांगितलं.

पुन्हा शेडमध्ये

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडायच्या आधी मी दारात होतो. मॅडम आल्या, मला बघून थांबल्या नाहीत, चालता चालता म्हणाल्या, या. त्यांच्या टेबलासमोर उभा राहून मी सगळं सांगितलं. ढाबा, दोरी, हात, टिक. आणि लांबचा रोही. आणि न दाबलेलं बटण.

मॅडमनी विचारलं, “आणि हे खरं कशावरून?”

काल मी एक सांगितलं होतं, परवा मोबाईलवर दुसरं, आणि आज तिसरं सांगत होतो. आयुष्यभर मी जे बोललो त्यातलं कुठलं खरं, हे विचारायची वेळ कोणावर आलीच नव्हती. कोणाला गरजही नव्हती.

त्या उठल्या. कोपऱ्यात रिकाम्या खोक्याच्या फळ्या टेकवून ठेवल्या होत्या. त्यांनी डावी फळी पुढं ओढली, एक नवी पांढरी पट्टी काढून लाल पट्टीच्या शेजारी चिकटवली आणि म्हणाल्या, “मारा. जसा मारला तसा.”

मी मारला. काही झालं नाही.

“असा मारला होता?”

नव्हता. तेव्हा समोर सात-आठ माणसं होती, आणि बैल होता. मी डोळे मिटले आणि पुन्हा मारला, हात झिणझिणेपर्यंत. टिक. शेजारी शेजारी दोन लाल दाणे.

मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. “जे झालं तेवढं लिहा.”

मी लिहिलं. चार पानं झाली. त्यांनी पहिलं पान वाचलं, पहाटेचं धुकं आणि तर्रीची वाफ यांच्यावर पेन्सिल फिरवली, आणि चारही पानं परत दिली. मी पुन्हा लिहिलं, दोन पानं. परत. तिसऱ्यांदा अर्धं पान. त्यातही ‘नकळत’ असा एक शब्द होता, त्याच्यावर त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवून ठेवलं, मी खोडेपर्यंत. शेवटी कागदावर जे उरलं ते असं:

मी ताडपत्री सोडली. खोक्यावर हात मारला. पट्टी लाल झालेली पाहिली. चालकानं ब्रेक मारला नव्हता, गाडी वळवली नव्हती. मी खोटं सांगितलं.

मी सही केली. मी लिहिलेल्यात एवढं छोटं दुसरं काही नाही, आणि तेवढं लिहायला मला दीड तास लागला. मॅडमनी ते फायलीत लावलं, भोसरीला फोन केला, आणि माझ्यासमोरच सांगितलं की यापुढं मालाबरोबर मला पाठवू नये. साहेबांचा पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण टाळ्यांची चित्रं नसावीत. सध्या मी टेबलावर बसून खोक्यांची मापं काढतो. फळ्यांना गोष्टी सांगून पाहिल्या, त्या ऐकत नाहीत.

देवाजींना बोलावून घेतलं होतं. मॅडमनी त्यांना माझा कागद वाचायला दिला. त्यांनी तो उभ्यानं वाचला, परत दिला. मॅडमनी कार्ड पाकिटासकट पुढं केलं, आणि त्याबरोबर फळ्यांवरून सोलून काढलेल्या तीन पांढऱ्या पट्ट्या. देवाजींनी त्या खिशातल्या रुमालात गुंडाळल्या. चौथी फळीवरच राहिली.

स्टेशनवर तेच सोडायला आले, स्कूटरवरून. वाटेत इतवारीत थांबून त्यांनी वहिनींसाठी एक पातेलं घेतलं, भांडीवाल्याशी ते बूड ठोकून बघत बघत घासाघीस केली, आणि माझ्या हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा दिला, तुमच्या आईसाठी म्हणून. मला तो धरवेना. गाडीला अवकाश होता. फलाटावर उभं राहून मी म्हटलं, देवाजी, काल तुमच्या घरी बसून जेवलो, वही बघितली, तरी मी बोललो नाही.

ते म्हणाले, “मी आरशात पायलं होतं.”

मला आधी कळलंच नाही. मग डावा आरसा आठवला. केवढा मोठा होता तो. ढाब्यावर ते केबिनमध्ये बसून काच पुसत होते.

माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली. “मग शेडमध्ये काहून नाही बोललात?”

देवाजींनी स्कूटरची किल्ली या खिशातून त्या खिशात टाकली.

“तुमी सांगून राहिले होते,” ते म्हणाले.